वेडाचा केसपेपर

पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी बोट दाखवायला नको. ‘फाशी द्या’च्या घोषणा मीही दिल्यात. घसा बसेस्तोवर दिल्यात. २००६ साली खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियांका, रोशन आणि सुधीर यांना जमावानं ठार मारलं, तेव्हा आमच्या गल्लीतलं एक पोरगं घरात बसलं नव्हतं. २००८ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली तेव्हा आम्ही चहा वाटला. २०१०ला हायकोर्टानं ती फाशी काढून पंचवीस वर्षं केली, वर ‘हे जातीपोटी नव्हे’ असंही सांगितलं, तेव्हा आम्ही पेपर फाडला. तो राग आजही आहे. तो राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

पण खैरलांजी हे वेड नव्हतं. ते शहाण्यांचं काम होतं. शेतीवाडीवाल्या, मतदान करणाऱ्या, दाखलेवाल्या शहाण्यांचं. आज मला लिहायचंय ते खऱ्या वेडाबद्दल. वेडा माणूस गुन्हा करतो तेव्हा या देशाचा कायदा त्याचं काय करतो, शिक्षा ठरवताना काय बघतो, आणि अपिलात गेल्यावर काय ऐकून घेतो. आणि हा वेडा आपल्या वस्तीतला असला तर काय होतं.

माझ्या चुलत्यापासून सुरू करतो. नाव घेत नाही, कारण तो जिवंत आहे आणि आमच्या माळ्यावर बसून असतो.

चुलता गटारात उतरणारा. कंत्राटी. त्याच्यासोबत उतरलेला जोडीदार एकदा गॅसनं आतच मेला, आणि चुलत्यानं त्याला दोरानं वर ओढला. त्यानंतर चुलत्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी रात्रीचे, मग दिवसाढवळ्या. तो नळाला शिव्या द्यायचा. जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय म्हणून ताट फेकून द्यायचा. आमचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेब, तोंडपाठ बावीस प्रतिज्ञा. पण आजी त्याला लपूनछपून दर्ग्यावर घेऊन गेली, गावी भगताकडं नेलं, देवरुषाकडं नेलं. मी तेव्हा चिडलो होतो. आता नाही चिडत. कारण डॉक्टर कुठं होता? एकदाच सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथं पाच मिनिटं मिळाली, गोळ्या मिळाल्या आणि एक केसपेपर मिळाला. चार महिन्यांनी झोपड्या तोडायला गाडी आली. पत्र्याच्या पेटीसकट तो केसपेपर डंपरमधून गेला.

पुढच्या पावसाळ्यात चुलत्यानं नाक्यावरच्या दुकानदाराच्या डोक्यात पहार घातली. दुकानदार परप्रांतातनं पोटासाठी आलेला, आमच्याहून फार काही श्रीमंत नव्हता. दोघांचं कधी भांडण नव्हतं. चुलत्याचं म्हणणं, हा माणूस माझ्या कानात बोलतो. दुकानदार वाचला, पण त्याचा डावा हात कायमचा गेला. त्याला कुणी एक दमडी भरपाई दिली नाही, हेही इथंच लिहून ठेवतो.

हाफ मर्डरचा खटला. कोर्टानं दिलेला वकील. त्यानं चुलतीला एकच प्रश्न विचारला : ‘कागद आहे का?’ चुलतीनं पदराची गाठ सोडली. आत ताईत होता, काळा दोरा होता, दर्ग्यावरचा एक फोटो होता. वकील हसला नाही, हे त्याचे उपकार. पण त्यानं वेडाचा मुद्दा मांडलाही नाही. ‘आरोपी निर्दोष आहे, खोटं गुंतवलंय’ असा ठरीव बचाव केला. सरकारी वकील म्हणाला, हा मारून पळाला, नाल्याच्या पुलाखाली लपला. आपण वाईट केलं हे कळत होतं म्हणूनच लपला. सात वर्षं.

जेलमधून अपील केलं. ते बोर्डावर यायला चार वर्षं गेली. वर नवा वकील, तोही फुकटातला. त्यानं फाईल चाळली आणि सांगितलं : खाली जे मांडलंच नाही ते वर कसं मांडू? अपिलात माणूस उभा राहत नाही, कागद उभे राहतात. खालच्या कोर्टात साक्षीत जे आलं तेवढंच पेपरबुकात. नवा पुरावा घ्यायचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे, पण तो वापरून घ्यायला आधी कुणीतरी पुरावा हुडकून आणायला लागतो. चुलत्याच्या पेपरबुकात वेड नव्हतं. म्हणजे कायद्याच्या लेखी तो ठणठणीत शहाणा होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. शिव्या नंतर.

भारतीय दंड विधानाचं कलम ८४. १८६० सालचं. १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालंय, अंगरखा बदलला, आतला माणूस तोच. म्हणणं असं : कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळं, आपण काय करतोय हे किंवा ते चूक आहे, बेकायदेशीर आहे हे ज्याला कळायची कुवतच नव्हती, त्याचा तो गुन्हा होत नाही. म्हणजे नुसता वेडा असून भागत नाही. नेमक्या त्या क्षणी वेडा पाहिजे, आणि तेही इतका की काहीच कळू नये. डॉक्टरांचं वेड वेगळं आणि कोर्टाचं वेड वेगळं, असं न्यायालयंच सांगत आलीत. आणि हे शाबित करायची जबाबदारी आरोपीवर. १९६४ साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एवढी सवलत दिली की आरोपीनं शंभर टक्के शाबित करायची गरज नाही, तसं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी पुरे. पण दाखवायचं कशानं? पुन्हा कागद.

हे कलम आलं कुठनं? विलायतेतनं. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला, एडवर्ड ड्रमंडला, गोळी घातली. टोरी पक्ष आपल्या मागावर आहे असं त्याला वाटायचं. ज्यूरीनं त्याला वेडा म्हणून सोडला. राणी भडकली, हाऊस ऑफ लॉर्ड्सनं न्यायाधीशांना प्रश्न विचारले, आणि त्यांनी जी उत्तरं दिली त्यांचेच पुढं नियम झाले. आमचं कलम त्याच घराण्यातलं. पण या गोष्टीतला एक तपशील लोक विसरतात. मॅक्नॉटनला पकडलं तेव्हा त्याच्याजवळ ७५० पौंडांची बँकेची पावती सापडली. त्या काळात ती केवढी रक्कम! त्या पैशातनं त्याला नामांकित वकील मिळाला आणि एकामागून एक डॉक्टर त्याच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. म्हणजे ज्या वेडावरनं सगळा कायदा उभा राहिला त्या वेडाच्याही खिशात पावती होती. माझ्या चुलत्याच्या खिशात ताईत होता.

‘हा रडगाणं गातोय’ असं कुणी म्हणेल, म्हणून उलट बाजूही सांगतो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला याच कलमाखाली निर्दोष सोडलं. त्यानं बायकोला पाट्यावरवंट्याच्या दगडानं मारलं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया होता. खालच्या कोर्टानं जन्मठेप दिली, हायकोर्टानं कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं उलटवली. निकाल योग्यच होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो निकाल कशावर उभा आहे ते बघा. घटनेच्या आधीपासून उपचार चालू असल्याचे कागद होते. घराण्यात वेड असल्याची नोंद होती. आणि तो पळाला नाही, लपला नाही. शिपाई असो की बिगारी, वेड दोघांनाही सारखंच लागतं. पण शिपायाला नोकरी असते, रजेचा अर्ज असतो, दवाखान्याची नोंद असते. बिगाऱ्याचं वेड नोंदवायला रजिस्टरच नाही. तो कामावर आला नाही की मुकादम दुसरा माणूस घेतो. झालं.

बरं, समजा कोर्टानं मान्य केलं की हा वेडा आहे. मग सुटला का? इथं खरी मेख आहे. खटला चालू असताना आरोपी वेडा ठरला तर खटला थांबवायचा, उपचार करायचे, बरा झाला की पुन्हा उभा करायचा. वेडामुळं निर्दोष ठरला तरी त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, नाहीतर जामीन भरणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली करायचं. ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण नातेवाईकच नसला तर? असून त्याच्यापाशी जामिनाला घर नसलं तर?

तर माचल लालुंग होतो. आसामातला तिवा आदिवासी. १९५१ साली, तेवीस-चोवीस वर्षांचा असताना, मारहाणीच्या आरोपाखाली पकडला. तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला. १९६७ साली डॉक्टरांनी लिहून दिलं की हा बरा आहे. बरा आहे म्हणून सोडला नाही, जेलात हलवला. खटला कधी चाललाच नाही. २००५ साली, ७७ वर्षांचा झाल्यावर, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. चोपन्न वर्षं! जन्मठेपेवाले येऊन गेले, खुनी येऊन गेले, हा शाबित न झालेल्या आरोपाखाली आतच. सर्वोच्च न्यायालयानं तीन लाख रुपये आणि महिना हजार रुपये देवविले. २००७ साली तो मेला.

हा एकटाच म्हणाल तर तेव्हाच्या बिहारात चला. हजारीबागच्या जेलात ‘वेडे’ म्हणून ठेवलेले कैदी कुणी वीस, कुणी तीस वर्षांच्या वर आत होते. त्यांतले कैक कधीच बरे झाले होते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडायला लावलं. त्याच बिहारात रुदुल साह. १९६८ला कोर्टानं निर्दोष सोडला, जेलमधनं बाहेर आला १९८२ला. चौदा वर्षं काय केलं विचारल्यावर सरकार म्हणालं, तो वेडा होता. कागद? कागद नाही. बघा गंमत! आपला माणूस ‘मी वेडा आहे’ म्हणतो तेव्हा कागद मागतात. सरकार ‘तो वेडा आहे’ म्हणतं तेव्हा कागद लागत नाही. हीच यांची न्यायाची तागडी.

आता फाशी. १९८० साली बच्चनसिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फाशी ठेवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ खटल्यापुरती. शिक्षा सौम्य करायला कोणत्या गोष्टी बघायच्या, त्या यादीत आरोपीच्या मनाचा दोषही घातला. म्हणजे कलम ८४ इतकं वेड नसलं तरी शिक्षेच्या वेळी ते मोजलं पाहिजे. पाच न्यायमूर्तींतल्या एकट्या भगवतींनी याला विरोध केला. त्यांचा निकाल १९८२ला आला आणि त्यात त्यांनी साफ सांगितलं की फाशी गरिबाच्याच गळ्यात पडते.

पुढं २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. त्या निकालात म्हटलं की मनानं आजारी कैद्याला फासावर चढवता येणार नाही, आणि फाशीआधी सरकारी डॉक्टर-मानसोपचारतज्ज्ञानं त्याला तपासलंच पाहिजे. २०१९च्या एप्रिलमध्ये खुद्द महाराष्ट्रातला खटला. दोन लहान मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून करणारा. फाशीच्या छायेत सतरा वर्षं काढलेला. शिक्षा झाल्यानंतर बळावलेलं वेडही फाशी टाळायला कारण होऊ शकतं, पण ते वेड गंभीर असलं पाहिजे, असं न्यायालयानं ठरवलं. त्याची फाशी काढली, मरेपर्यंत कैद दिली, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. न्यायालयानं त्याचं नाव झाकून ‘आरोपी एक्स’ एवढंच लिहिलं. २०२२च्या मे महिन्यात आणखी एक पाऊल : फाशी होऊ शकेल अशा खटल्यात सरकारनंच आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल सत्र न्यायालयापुढं ठेवला पाहिजे. खाली, पहिल्याच कोर्टात. पस्तीस-चाळीस वर्षांत न्यायालय हळूहळू तिथंवर आलं, जिथं ते आधीच असायला हवं होतं. दिलं त्याचं श्रेय देतो.

पण उशीर कुणाच्या अंगावर गेला? २०२१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासगटानं फाशीच्या ८८ कैद्यांच्या मनाची तपासणी करून अहवाल काढला. शंभरातल्या बासष्टांना कसला ना कसला मानसिक आजार. अकरा टक्के बुद्धीनं अधू. त्याच विद्यापीठाच्या २०१६च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुबळे, आणि मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्याक मिळून पाऊण हिश्श्याच्या आसपास. आता मला सांगा, हे बासष्ट जण आत जाऊन वेडे झाले की वेडे असतानाच आत गेले? दोन्ही असतील. पण खालच्या कोर्टात एकेकाला नीट तपासलं असतं तर हा प्रश्नच विचारावा लागला नसता.

आणखी एक. हे सगळे निकाल फाशीचे. दोर दिसला की कोर्ट दचकतं, पेपरवाले येतात, मोठे वकील फुकट उभे राहतात. सात वर्षंवाल्याचं काय? दहा वर्षंवाल्याचं काय? माझ्या चुलत्याच्या खटल्यात मानसिक तपासणी सक्तीची नव्हती, आजही नसती. शिक्षा ऐकवण्याआधी आरोपीला विचारायचं असतं, तुला शिक्षेबद्दल काय सांगायचंय? कायद्यात १९७३पासून आहे. चुलत्याला विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, याला गप्प करा.’ कुणाला ते कुणी विचारलं नाही. टायपिस्टनं लिहिलं : आरोपीनं दयेची विनंती केली.

आता तुमचा प्रश्न येतोय, मला ऐकू येतोय. उद्या आपल्या पोरीला मारणारा पाटलाचा पोरगा वेडाचा दाखला घेऊन आला तर? येईलच तो. पैसेवाल्याच्या छातीत अटकेच्या दिवशीच कशी कळ येते ते आपण बघतोच. पण नीट विचार करा मित्रांनो. तो दाखला तो आजही आणतोच. आपण वेडाच्या कायद्याला विरोध केला म्हणून त्याचा डॉक्टर मरत नाही, आपलाच माणूस मरतो. खोट्या दाखल्याला उत्तर ‘वेड मानूच नका’ हे नव्हे. प्रत्येक आरोपीची, गरिबाची आणि श्रीमंताची, सारखी तपासणी करा, सरकारी खर्चानं करा, आणि त्या डॉक्टरची उलटतपासणी घ्या, हे खरं उत्तर. आणि शिक्षा सौम्य होणं म्हणजे सुटणं नव्हे. तो ‘आरोपी एक्स’ बाहेर फिरत नाहीय. मेलेल्या दोन मुलींचा हिशेब कुणी पुसलेला नाही. फक्त आपण कशासाठी मरतोय हे ज्याला कळत नाही त्याला लटकवून सरकारनं शौर्य मिरवायचं नाही, एवढंच.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन ‘फाशी द्या’ ओरडणाऱ्यांनी ३ जून १९४९ची घटना समितीतली चर्चा काढून वाचावी. विषय नेमका हाच होता : फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलाचा हक्क द्यायचा की नाही. बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच काढून टाकणं आपल्याला जास्त पटतं. घटनेचा मसुदा करणारा माणूस हे बोलला. मी हे वाचलं तेव्हा खैरलांजीचा फाडलेला पेपर आठवला आणि मान खाली गेली. राग चुकीचा नव्हता. रागाला आम्ही दिलेली मागणी चुकीची होती. आम्ही जातीचा गुन्हा म्हणून नोंद मागायची, तपास मागायचा, जमावातल्या एकेकाचं नाव मागायचं. आम्ही दोर मागून मोकळे झालो. आणि दोर देणं सरकारला सगळ्यात स्वस्त पडतं.

तेव्हा मोर्च्याच्या जोडीला वस्तीत हे काम करायला लागा.

घरात कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी स्वतःशीच बोलत असेल, तर त्याला दवाखान्यात न्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत. ताईताला बंदी करायला मी जात नाही, पण ताईत कोर्टात चालत नाही. केसपेपर घ्या, त्याच्या तीन प्रती काढा, एक वस्तीबाहेर ठेवा, कारण डंपर कधीही येतो. माणूस पकडला गेला तर अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कायद्यानं सक्तीची आहे. तिथं हजर राहा आणि मनाची अवस्था लिहायला लावा. फुकट वकील हा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा आणि कोठडीतल्या कुणाचाही १९८७च्या कायद्यानं हक्क आहे, भीक नव्हे. त्या वकिलाला पहिल्याच तारखेला सांगा की आमचा माणूस आजारी आहे, मुद्दा रेकॉर्डवर घ्या. पहिल्याच कोर्टात. वरचं कोर्ट कागद वाचतं, चेहरे नाही. आणि शेजाऱ्यांनो, साक्षीला या. तो नळाला शिव्या द्यायचा हे तुम्ही रोज ऐकत होता. ते कोर्टात येऊन सांगायला डॉक्टरची पदवी लागत नाही.

आम्ही त्या वेळी कुणीच गेलो नाही. मीही नाही. कॉलेजची परीक्षा होती, आणि खरं सांगायचं तर चुलत्याची लाज वाटत होती.

आता तो माळ्यावर बसतो. गोळ्या चालू आहेत, महिन्याला मी घेऊन येतो. आवाज कमी झालेत. गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, ‘त्या दुकानवाल्याचा हात बरा झाला का रे?’ बाराव्या वर्षी हा प्रश्न आला. पहारीच्या आधी दोन वर्षं रोज गोळ्या मिळाल्या असत्या तर दुकानदाराचा हात शाबूत असता. कोर्टाला हे सांगायचं राहून गेलं. केसपेपर आता माझ्याकडं आहे. जाड फाईल झालीय. त्याला उपयोग नाही तिचा. पुढचा जो कुणी असेल त्याच्यासाठी फाईल कशी करायची ते मला आता माहीत आहे. या, दाखवतो.

जयभीम.